शर्ट-पँटवाला सातवा माणूस

रांगेत उभी माणसं, हातात हात, मागे चक्र, वर तिरंगा. हे चित्र दिसलं की माझं टाळकं सरकतं. परवाच नात शाळेचं काम घेऊन माझ्या पलंगावर बसली होती. 'आपल्या विविधरंगी देशासाठी एक नवं चिन्ह तयार करा.' तिनं मोबाइलवर बोट फिरवलं न् झालं तिचं चिन्ह तयार! फेटेवाला, पगडीवाला सरदार, लाल गोंड्याच्या टोपीतला मुसलमान, उघड्या अंगाचा मद्रासी, धोतराचा सोगा धरलेला बंगाली, गळ्यात क्रॉस घातलेला ख्रिश्चन. मी मोजली. सहाच होती. मी विचारलं, "अन् आपण कुठं हाओत वं यात?" ती म्हणाली, "आजी, आपण म्हणजे सगळेच ना." मुलगा आतून ओरडला, "आई, पोरीवर कशाला चिडते?" पोरीवर नाही रे बाबा. पोरीचा काय दोष? मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता आम्ही राहतो त्या बेसा भागात आमच्या समोर अजून एक दहा मजली इमारत चढते आहे, त्यामुळे गॅलरीत बघायला काही उरलेलं नाही, पण राग उतरेपर्यंत उभं राहायला जागा पुरते. त्या दिवशी तो उतरला नाही. म्हणून आता हे एकदाचं लिहून टाकते.

लहानपणी आमचं घर कोराडीला, वीजघराच्या कॉलनीत, शेवटच्या रांगेत. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. वीजघराच्या चिमण्या तिथून इतक्या जवळ की पाहुणे आले की मान वर करून चक्कर यायची म्हणत. सकाळी भोंगा, दुपारी भोंगा, आणि मध्येच कधी वाफ सोडली की असा आवाज व्हायचा की बोलणारा माणूस तोंड उघडंच ठेवून थांबे आणि आवाज संपला की पुढचा शब्द बोले. आणि राख. राखेबद्दल कोराडीच्या बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दोरीवरचे कपडे काढताना सगळ्या बाया आधी ते झटकायच्या, सगळ्या एकाच वेळी, फट् फट् फट्. माय पाट्यावर भिवापुरी मिरची वाटायची तर पाटा आधी तीनदा धुवायची आणि वाटून होताच वर ताटली झाकायची, तरी ठेच्यात दाताखाली कचकच यायचीच. "खा मुकाट्यानं," माय म्हणे, "सरकारची राख हाये, फुकटची." माझी माय तोंडानं तिखट होती. लोक म्हणतात मी तिच्यावर गेले. रविवारी पाटोडीचा रस्सा करायची, तो मात्र ती कोणाशी न भांडता करायची, म्हणून रविवार मला आवडे.

बाबा वीजघरात पेंटर. देवाजी पेंटर म्हटलं की कोणीही घर दाखवी. धोक्याच्या पाट्या, टाक्यांवरचे आकडे, कोळशाच्या रेल्वेडब्यांवरचे नंबर, सगळं त्यांच्या हातचं. हाताला टर्पेंटाइनचा वास इतका मुरलेला की जेवताना माय त्यांच्या ताटात कांदा जास्त ठेवायची. स्वभावानं मऊ. फार मऊ. साहेबानं हाक मारली की ब्रश ठेवून, हात पुसून, चपला घालून मग "जी साहेब" म्हणत. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव कन्हानच्या पात्रात सोडून आले, आणि मग आयुष्यभर कोणापुढं मान खाली घातली नाही, असं आजी सांगे. बाबांनी आजोबांचं सगळं घेतलं, मान तेवढी नाही घेतली. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि मायच्या हातचा मार खात होते.

मी मात्र बाबांच्या मागं मागं. अक्षर कसं ओढायचं, दोरी चुन्यात बुडवून सरळ रेघ कशी उमटवायची, ब्रशचा केस निघाला तर कसा उचलायचा, हे सगळं मी दहाव्या-अकराव्या वर्षी शिकले. मॅट्रिक झाल्यावर मला शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. प्रवेशासाठी प्लांटच्या कल्याण अधिकाऱ्याचं शिफारसपत्र लागणार होतं, आणि ते अधिकारी म्हणजे देशकर साहेब. गोरेपान, झुपकेदार मिशा, कॉलनीतल्या प्रत्येक कमिटीचे अध्यक्ष. बाबा दोनदा जाऊन आले, दोनदा साहेबांनी "बघू" म्हटलं. मग ती दिल्लीची चिठ्ठी आली.

सरकारी कारखान्यांनी आणि वीजघरांनी आपापल्याकडून देशाच्या एकतेचं एक चिन्ह तयार करून पाठवावं, असं काहीसं त्यात होतं. जे निवडलं जाईल ते देशभर लागणार होतं, निदान देशकर साहेब तसं सांगत होते. साहेबांनी ठरवलं की आपलं चिन्ह नुसतं कागदावर नको, मोठ्या फाटकाजवळच्या भिंतीवर काढायचं, सव्वीस जानेवारीला मुख्यालयाच्या साहेबांच्या हस्ते पडदा सारायचा, आणि त्याचा फोटो दिल्लीला पाठवायचा. काम अर्थात बाबांकडं. त्या वेळी साहेब बाबांना म्हणाले, "देवाजी, भिंत नीट पार पडू दे, पोरीचं पत्र मी त्याच दिवशी सही करतो." बाबा घरी आले ते धावतच. माझं सगळं त्या भिंतीवर टांगलं गेलं ते असं.

चिन्ह काय काढायचं यावर मी आठ दिवस डोकं फोडलं. आमच्या रांगेत सगळ्या देशातली माणसं होती. सकाळी शाळेत जाताना मी दारं बघत जायची. आंध्रावाल्यांच्या दारात ठिपक्यांची रांगोळी, बंगाल्यांकडं तांदळाच्या पिठाची पांढरी वेल, छत्तीसगडच्या बाईकडं शेणावर काढलेला चौक, इनायतचाचाच्या सुनेच्या हातावर मेंदीचे ठिपके, आमच्याकडं माय पौर्णिमेला पांढऱ्या रांगोळीनं चक्र काढायची. सगळ्यांची सुरुवात ठिपक्यानं होत होती. मग मी नुसते ठिपके काढले, सात गुणिले सात, आणि हात न उचलता एकच रेघ सगळ्या ठिपक्यांना वळसा घालत नेली, अशी की एकही ठिपका बाहेर राहिला नाही. मध्ये आपोआप चक्रासारखं काहीतरी झालं. आजही मी सांगते, ते चांगलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीच्या मानानं नव्हे, चांगलंच होतं.

कमिटी कल्याण केंद्रात बसली. मला बाबांबरोबर कागद धरायला नेलं होतं. कागद हातोहात फिरला. "यात आम्ही कुठं आहोत?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्यानंही तोच विचारला. मी सांगायला गेले तर देशकर साहेब हसले. "अगं, ही रांगोळी आहे. दिल्लीचे लोक म्हणतील कोराडीत हळदीकुंकू चाललंय." सगळे हसले. मग साहेबांनी फळ्यावर खडूनं मागं चक्र आणि पुढं रांग काढली. प्रत्येक समाजाचा एक माणूस, आपापल्या पोषाखात. फेटेवाला उजवीकडं पहिला, झेंडा त्याच्या हाती. तो कोणासारखा दिसावा हे साहेबांनी तोंडानं सांगितलं नाही, फक्त मिशीवर हात फिरवत "मिशा झुपकेदार ठेव, देवाजी" एवढं म्हणाले. इनायतचाचा फिटर होते, आमच्या शेजारचे. त्यांच्या माणसाला लाल गोंड्याची टोपी मिळाली. ते म्हणाले, "साहब, ऐसी टोपी तो हमारे दादा ने भी नहीं देखी." साहेब म्हणाले, "चिन्हात चालतं." आंध्राच्या रेड्डींना उघडं अंग आणि कपाळावर आडवे पट्टे मिळाले. त्यांचं तोंड कडू झालं, पण बोलले नाहीत. कोणीच बोललं नाही, कारण प्रत्येकाला आपली जागा पक्की झाल्याशी मतलब.

सहा झाले. साहेबांनी खडू खाली ठेवला. बाबा उभेच होते. हात पुसून म्हणाले, "साहेब, आमचा एक राहिला."

"तुमचा म्हणजे?"

"बौद्धांचा."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "अरे, पण तुमचा पोषाख काय? तुम्ही तर साधे शर्ट-पँटच घालता. दाखवायचं काय त्यात?"

"शर्ट-पँटच दाखवा साहेब. निळा कोट घाला वरून. हातात पुस्तक द्या."

"कोट घातलेला माणूस म्हणजे साहेब वाटेल की रे," कोणीतरी म्हटलं आणि पुन्हा हशा झाला. साहेब म्हणाले, "चक्र आहे ना मागं? तुम्ही लोक म्हणताच की चक्र तुमचं आहे. मग अजून माणूस कशाला?" बाबा म्हणाले, "चक्र तर आमचंच हाये, साहेब, पण..." आणि साहेबांचा आवाज चढला. "चक्र देशाचं आहे. कोणाच्या बापाचं नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, इथं तुम्ही सगळेच शर्ट-पँटमधी बसून राहिले. सरदारकाका सोडले तर एकानंही आपला पोषाख नाही घातला. खरा माणूस या चित्रात आमचा शर्ट-पँटवालाच एक राहीन."

सरदारजी तेवढे खदखदून हसले. बाबांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता. पण साहेबांना मुख्यालयाच्या साहेबांपुढं भांडण नको होतं. वस्तीतून आमचीच माणसं जास्त येणार होती, तेही त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "ठीक आहे. काढ तुझा माणूस. शेवटी, डावीकडं." डावीकडं भिंतीवर केबलचा मांडीएवढा जाड लोखंडी पाइप होता, खालून वर गेलेला, त्याच्या शेजारी गंजकी पेटी. तिथं जो उभा राहील तो अर्धा पाइपामागंच जाणार, हे फळ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. मीही तिथं होते. एकही बाई त्या सातांत नाही हे मात्र तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

खाका मी काढला. ज्यांनी कधी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाकी कागद खळीनं एकाला एक चिकटवून भिंतीएवढा लांब कागद करायचा, त्यावर चित्र काढायचं, मग चित्राच्या प्रत्येक रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची. कागद भिंतीला लावला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत नेली की भोकांतून चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी भिंतीवर उतरतं. मग ठिपक्यांवरून ब्रश फिरवायचा. बाबांची पद्धत अशी की सुई मारून झाली की कागदाची मागची बाजू, जिथं भोकांच्या कडा वर येतात, ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची, म्हणजे भुकटी अडकत नाही. आणि समोरच्या बाजूला कोपऱ्यात एक फुली मारायची. ती फुली मारायचं काम माझं होतं.

दोन आठवडे मी ओट्यावर सुई मारत बसले. बोटांची चाळण झाली. फेटेवाल्याच्या मिशीला मी चारशे भोकं पाडली असतील, शिव्या देत देत. आमच्या सातव्या माणसाला मात्र मी मन लावून काढलं. त्याचा चेहरा कोणासारखा नव्हता. कोटाची बटणं नीट, पुस्तक छातीशी. माय येऊन बघून गेली आणि म्हणाली, "पाइपामागं जाईन बिचारा." बाबांनी ओट्याच्या भिंतीवर कागद एकदा लावून बघितला, मागून-पुढून भुकटी बसली, पेन्सिलच्या रेघा पुसल्या, कागद दोन्हीकडून सारखाच काळा झाला.

ज्या रविवारी भिंतीवर खाका उतरवायचा होता, त्याच सकाळी बाबांना आत बोलावलं. कुठल्या तरी टाकीवरचा आकडा तातडीनं हवा होता. बाबा मला म्हणाले, "तू अन् माय करून घ्या. मी आलोच." मायनं तो रविवार पाटोडीशिवाय घालवला आणि त्याचं मला वर्षभर ऐकवलं. मी परांचीवर, माय खाली कागदाची कड धरून. "खाली उतर लवकर, लोक बघून राहिले," एवढंच ती दर दोन मिनिटांनी म्हणे. वाऱ्यानं कागद फडफडत होता. मी कोपऱ्यात फुली शोधली. नव्हती. मी मारायची विसरले होते. मग मी हात फिरवून बघितला. एक बाजू खरखरीत, एक गुळगुळीत. मला वाटलं, गुळगुळीत ती समोरची. इतकं साधं. बाबांनी मागची बाजू घासली होती हे मला माहीत होतं, रोज बघत होते, पण त्या क्षणी डोकं चाललंच नाही. गुळगुळीत बाजू माझ्याकडं ठेवून मी कागद लावला आणि पुरचुंडी आपटत सुटले.

कागद काढला तेव्हा जवळून नुसते ठिपके. बाबा आले आणि रस्त्याच्या पलीकडंच थांबले. मी परांचीवरून उतरून त्यांच्याकडं गेले, आणि तिथून मला दिसलं. रांग उलटी झाली होती. आमचा शर्ट-पँटवाला उजवीकडं, फाटकाजवळ, मोकळ्या भिंतीवर. आणि फेटेवाला झेंड्यासकट डावीकडं, पाइपामागं. अर्धा चेहरा आणि एका बाजूची मिशी तेवढी बाहेर.

"खाका उलटा लागला, शकू," बाबा म्हणाले.

मी बादलीकडं धावले. "ओलं फडकं मारते बाबा. पुसल्या जाते लगेच." कोळशाची भुकटी ती, पंधरा मिनिटांचं काम.

बाबा बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं जे मी आधी कधी बघितलं नव्हतं. हसू म्हणा, पण त्यात गंमत नव्हती. "राहू दे," ते म्हणाले. "रंगव."

"बाबा?"

"राहू दे म्हटलं ना. राख बसन म्हणून ताडपत्री तर लावाचीच हाये. रंगव."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चार दिवस आम्ही ताडपत्रीच्या आत रंगवत होतो, बाप-लेक. बाबा गुणगुणत होते. सातव्या माणसाचा कोट त्यांनी स्वतः रंगवला, तीन हात दिले. मला वाटलं, आजोबांची मान शेवटी बाबांना मिळाली. त्या चार दिवसांइतकी मी त्यांच्यावर पुन्हा कधी खूष झाले नाही.

सव्वीस तारखेला पडदा सरला. आधी टाळ्या, मग टाळ्या अर्ध्यावर थांबल्या, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, साहेब पाइपात घुसले!" सगळी कॉलनी हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मिशीवरून सगळ्यांनी ओळखलंच होतं. मुख्यालयाचे साहेब पण हसले, आणि तेच देशकरांना लागलं. वस्तीतली पोरं बाबांना खांद्यावर घ्यायला आली तर बाबा हात सोडवून घरात निघून गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा बाप-लेकीला कल्याण केंद्रात बोलावलं. तीच खोली, तीच माणसं. देशकर साहेबांसमोर टेबलावर माझं शिफारसपत्र होतं, टाइप केलेलं, खाली सहीची जागा मोकळी. ते त्यांनी मुद्दाम तिथं ठेवलं होतं, मला दिसेल असं. "मुद्दाम केलंस तू, देवाजी," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना थोडी जागा दिली की पुढं घुसता. आधी माणूस पाहिजे, मग पहिला नंबर पाहिजे." इनायतचाचा खिडकीबाहेर बघत होते. रेड्डी नखं बघत होते. ज्यांना त्या चित्रात टोप्या आणि पट्टे चढवले होते, त्यांच्यातला एकजण तोंड उघडेल असं मला वाटलं होतं. एकानंही उघडलं नाही. त्या सगळ्यांच्या नावानं मी आजही बोटं मोडते.

मी बाबांकडं बघत होते. आता बोलतील. म्हणतील, होय, मी राहू दिलं. बाबांनी हात पुसले. हाताला रंग नव्हता तरी पुसले. म्हणाले, "नाही साहेब, मुद्दाम नाही. खाका पोरीनं लावला. तिच्या हातून चूक झाली. लहान हाये, समजत नाही तिले."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. चूक माझीच होती. पण मला असं वाटलं की कोणी तरी भर बाजारात माझ्या अंगावरची ओढणी ओढली. साहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पत्र उचललं. "चूक? मग एवढंही धड न करणाऱ्या पोरीची मी कॉलेजला शिफारस कशी करायची? काय लिहू, उलटं-सुलटं कळत नाही म्हणून?" आणि हसले. बाबाही हसले. साहेबाबरोबर हसायची त्यांची सवय होती, हसले.

ते हसू मी विसरले असते तर हे प्रकरण लिहिलंच नसतं. मी म्हटलं, "चूक नाही झाली."

"शकू, चूप," बाबा म्हणाले.

"माझ्या हातून चूक होत नाही. मी मुद्दाम उलटा लावला. तुम्ही आमचा माणूस पाइपामागं घातला, मी तुमचा घातला. पुन्हा काढायला लावलं तर पुन्हा असाच काढीन."

साहेबांनी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार. भिंतीला त्याच संध्याकाळी पांढरा रंग दिला, तोही बाबांच्या हातून. त्यांना तिथून काढून कोळशाच्या डब्यांवर नंबर टाकायला पाठवलं, उन्हातान्हात, रिटायर होईपर्यंत. दिल्लीला कोणाचं चिन्ह गेलं, कोणतं निवडलं, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. नातीच्या मोबाइलातली सहा माणसं बघितली की वाटतं, आमच्यासारख्या शंभर कमिट्यांनी तेच पाठवलं असेल.

घरी माय बाबांशी बोलेना, मी बाबांशी बोलेना. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा घरात. तिसऱ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "खोटं काहून बोलली वं?" मी म्हटलं, "तुम्ही खरं काहून नाही बोलले? 'राहू दे' कोण म्हणलं होतं?" बाबांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. माय मला म्हणाली, "जेवू तर द्याचं होतं त्यायले." अर्ध्या भाकरीवर उठलेला माणूस तिला बघवत नसे, मग त्यानं काहीही केलेलं असो.

प्रवेशाचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला त्या सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे होते. "चल," म्हणाले. कुठं ते विचारलं नाही मी. कोराडीहून बस, शहरात बर्डीला उतरून पायी. कॉलेजच्या कचेरीत खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला. आतला कारकून वयस्क, चष्मा कपाळावर. त्यानं माझी चित्रं बघितली, ठिपक्यांच्या कागदाशी जरा थांबला सुद्धा. मग म्हणाला, "शिफारसपत्र?"

"पत्र नाही मिळालं," बाबा म्हणाले.

"काहून? काही गडबड केली का पोरीनं?"

बाबा खिडकीच्या गजांजवळ सरकले. त्यांनी हात पुसले नाहीत. सरळ त्या माणसाच्या डोळ्यांत बघून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गडबड नाही केली. इच्या हातून चूक होत नाही, साहेब. जे करते ते समजून करते. आमच्या साहेबानं आमचा माणूस कोपऱ्यात घातला होता, इनं समोर आणला. मीच म्हटलं होतं, राहू दे."

कारकुनानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "बरोबर आहे हो," तो हळू म्हणाला, "पण पत्र लागते." आणि चित्रं गोळा करून, नीट कडा जुळवून, परत दिली.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. वाटेतल्या गोधनीपर्यंत मी दात आवळून बसले होते. मग म्हटलं, "हे तिथं बोलायचं होतं. कल्याण केंद्रात. त्या सगळ्यायसमोर."

"तिथं हिंमत नाही झाली वं."

"मग इथं कशी झाली?"

बाबांनी माझ्या मांडीवरची चित्रांची गुंडाळी उचलून आपल्या मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. "इथं मले कोणी ओळखत नाही," ते म्हणाले.